शवासनाला मिळालेला आवाज

योगवर्गाच्या अखेरीस जमिनीवर उताणे पडलेल्या साधकाला कोणीतरी सावकाश आणि एकसुरी आवाजात एकेका अवयवाकडे लक्ष न्यायला सांगावे, त्यानंतर नदीकाठ, देऊळ किंवा पहाटेची वाट अशा ठिकाणी त्याला मनाने फिरवून आणावे आणि शेवटी हळूहळू भानावर आणावे, हा प्रकार आता इतका रूढ झाला आहे की तो योगाइतकाच प्राचीन असावा असे ऐकणाऱ्याला वाटले तर नवल नाही. ध्वनिमुद्रणांच्या वेष्टनांवर आणि ॲपच्या जाहिरातींत तसा दावाही सर्रास केलेला असतो. वस्तुस्थिती अशी की या अर्ध्या तासात फार वेगवेगळ्या वयांच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. उताणे पडून राहणे हे आसन मध्ययुगीन आहे, अवयवांची नावे क्रमाने घेण्याची रीत त्याहूनही जुनी असली तरी तिचा हेतू विश्रांतीचा नव्हता, मनाला एखाद्या प्रसंगातून फिरवून आणणारी गोष्ट युरोपातील मानसोपचारांतून आली, आणि गुरू समोर नसताना कानाशी बोलणारा आवाज तर चुंबकीय फितीचे अपत्य आहे. आसन जुने आणि आवाज नवा, हे एकदा ध्यानात आले की या आवाजाचा स्वतंत्र इतिहास लिहिता येतो, आणि तो इतिहास लोणावळा, परळ, पुणे आणि इगतपुरी या गावांवरून जातो.

प्रारंभ आसनापासून करणे भाग आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या 'दत्तात्रेययोगशास्त्र' या ग्रंथात लययोगाचे, म्हणजे चित्त विरघळवून टाकण्याच्या मार्गाचे, जे 'संकेत' किंवा युक्त्या दिल्या आहेत, त्यांत जमिनीवर प्रेतासारखे उताणे पडून राहणे ही एक युक्ती आहे. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिके'त तीच युक्ती आसनांच्या मालिकेत येऊन बसते आणि तिला शवासन हे नाव मिळते. त्याचे फळ म्हणून दोन गोष्टी सांगितल्या जातात : श्रमाचा परिहार आणि चित्ताची विश्रांती. पुढे 'घेरंडसंहिते'च्या बत्तीस आसनांत ते मृतासन या नावाने येते. तीनही ठिकाणी वर्णन जेमतेम एका श्लोकाएवढे आहे आणि कोणी काय बोलावे याचा त्यात उल्लेखही नाही. हे ग्रंथ गुरुमुखातून शिकणाऱ्यांसाठी होते, त्यामुळे प्रत्यक्ष शिकवणीत काही बोलले जात असेल ही शक्यता उरते. परंतु पडलेल्या माणसाशी अर्धा तास बोलत राहणे हा साधनेचा भाग असल्याची खूण या वाङ्मयात सापडत नाही. शव जसे निःशब्द, तसे हे आसनही निःशब्दच होते.

'योगनिद्रा' या शब्दाची कहाणी निराळी आहे. 'देवीमाहात्म्या'त योगनिद्रा ही विष्णूच्या डोळ्यांवर वसलेली देवी आहे. मधुकैटभांचा वध करण्यासाठी विष्णूने जागे व्हावे म्हणून ब्रह्मदेव तिची स्तुती करतो. राजयोगाच्या आणि हठयोगाच्या मध्ययुगीन ग्रंथांत हाच शब्द समाधीचा पर्याय म्हणून वापरला जातो, म्हणजे बाहेरून निद्रेसारखी दिसणारी, पण आत पूर्ण जागी असलेली अवस्था. एखाद्या सरावाचे नाव म्हणून तो जुन्या ग्रंथांत येत नाही. मराठी माणसाच्या कानाला हा शब्द परका नाही, कारण आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू क्षीरसागरात योगनिद्रेत जातो आणि कार्तिकात प्रबोधिनी एकादशीला जागा होतो, हे त्याच्या पंचांगातच लिहिलेले असते. पंढरपुरात मात्र नेमक्या याच सुमारास उलटे घडते. यात्रेसाठी लोटलेल्या गर्दीला अहोरात्र दर्शन मिळावे म्हणून देवाचा पलंग काढून ठेवतात, शेजारतीसह निजण्याचे सारे उपचार थांबतात, आणि दिवसरात्र उभ्या असलेल्या विठ्ठलाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड व रुक्मिणीमातेच्या पाठीशी तक्क्या दिला जातो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला गरम पाण्याने स्नान घातले जाते, आणि शिणवटा जावा म्हणून रात्री शेजारतीच्या वेळी काढ्याचा नैवेद्य दाखवला जातो. थकलेल्या देहाला आधार, ऊब आणि गाऊन निजवणारा आवाज या तिन्ही गोष्टी विश्रांतीला लागतात, ही जाण या उपचारांत स्पष्ट दिसते; मात्र ती योगवर्गात पोचायला बराच काळ जावा लागला, आणि ती पंढरपूरहून तेथे गेली नाही.

अवयवांची नावे क्रमाने घेण्याची रीत न्यासातून आली. न्यास म्हणजे ठेवणे. मंत्राची अक्षरे किंवा देवतेची नावे शरीराच्या निरनिराळ्या भागांवर स्पर्शाने आणि उच्चाराने 'ठेवण्याचा' तांत्रिक विधी. करन्यास दोन्ही हातांच्या अंगठ्यांपासून सुरू होऊन एकेका बोटावरून तळहातापर्यंत जातो, हृदयादि न्यास हृदय, मस्तक, शेंडी असा पुढे सरकतो. मराठी घरांत या पद्धतीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन लागल्यावर म्हटली जाणारी रामरक्षा. तिच्यातील कवच मस्तकापासून निघून कपाळ, डोळे, कान, नाक, मुख, जीभ, कंठ, खांदे, हात, हृदय, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे आणि पोटऱ्या असे उतरत पावलांपर्यंत येते व अखेरीस सबंध देह रामाच्या स्वाधीन करते. अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी असंख्य मुलांनी आपला देह अशा रीतीने डोक्यापासून पायापर्यंत शब्दांनी चाचपडलेला असतो. येथे हेतू रक्षणाचा आहे, सैल पडण्याचा नाही, हा फरक पुसता कामा नये. त्याहून महत्त्वाची गोष्ट व्याकरणाची आहे : रामरक्षा म्हणणारा 'माझे' मस्तक, 'माझे' डोळे असे म्हणतो. बोलणारा आणि ज्याच्या देहाविषयी बोलले जाते तो, हे दोघे एकच आहेत. आजच्या ध्वनिमुद्रणातला आवाज 'तुमचे' खांदे, 'तुमचे' डोळे असे म्हणतो. 'माझे' या शब्दापासून 'तुमचे' या शब्दापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न म्हणता येईल.

त्याचा एक मोठा टप्पा अमेरिकेत आणि जर्मनीत पार पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शहरी मध्यमवर्गात 'नसांचा थकवा' हे निदान घरोघरी पोचले होते, आणि यंत्रयुगाच्या वेगाने माणसाला विश्रांती घेण्याची कला विसरायला लावले आहे, असे मत बोलून दाखवले जाऊ लागले होते. बोस्टनजवळच्या ॲनी पेसन कॉल यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या 'पॉवर थ्रू रिपोझ' या पुस्तकात जमिनीवर पडून एकेक अवयव जड होऊ देण्याचे व्यायाम सांगितले, आणि विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाने आपल्या व्याख्यानांत त्यांची शिफारस केली. पुढे एडमंड जेकबसन या शिकागोच्या वैद्याने १९२९ साली 'प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन' हा ग्रंथ लिहून या कल्पनेला प्रयोगशाळेत नेले. स्नायू मुद्दाम आवळून त्यातील ताण ओळखायचा आणि मग तो सोडून द्यायचा, ही त्याची पद्धत. पडलेल्या माणसाने हात मनगटातून मागे वाकवला की कोपराखालच्या भागात जी बारीक ओढ जाणवते, तेवढी एकच ओढ ओळखण्यासाठी सबंध एक बैठक खर्च करायची, एवढा त्याचा धीर होता, आणि पूर्ण शिक्षणाला कित्येक महिने लागत. शिक्षकाने गोड शब्दांत 'आता तुम्हाला सैल वाटते आहे' असे सुचवत राहणे जेकबसनला मान्य नव्हते. ते संमोहन आहे, शिक्षण नाही, असे त्याचे मत होते. शिक्षकाने थोडके सांगावे आणि गप्प बसावे, बाकी शोध शिकणाऱ्याने स्वतः घ्यावा, हा त्याचा आग्रह पुढे जवळजवळ कोणीच पाळला नाही, ही या इतिहासातील खेदाची बाब आहे.

बर्लिनचा योहानेस हाइनरिख शुल्त्स संमोहनाकडूनच आला होता. संमोहित होणारी माणसे हातपाय जड झाल्याचे आणि ऊबदार वाटल्याचे पुन्हापुन्हा सांगतात, हे पाहून त्याने उलट विचार केला : माणसाने स्वतःच हा जडपणा आणि ही ऊब निर्माण केली तर संमोहकाची गरज उरणार नाही. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'दास आउटोगेने ट्रेनिंग' या ग्रंथाच्या नावातच 'स्वतःपासून उत्पन्न होणारे' हा अर्थ आहे, आणि त्याची ठरीव वाक्ये रुग्णाने मनातल्या मनात स्वतःशी म्हणायची असतात : उजवा हात जड आहे, उजवा हात उबदार आहे. रामरक्षेत जे व्याकरण होते, तेच येथे दवाखान्यात पुन्हा अवतरलेले दिसते. दोहोंमध्ये देवाणघेवाण झाली असे म्हणण्याला आधार नाही. परंतु देहाशी बोलायचे तर ते त्याच्या धन्यानेच बोलावे, या समजुतीवर दोन फार दूरच्या परंपरा स्वतंत्रपणे येऊन थांबल्या होत्या.

भारतात याच काळात शवासन प्रयोगशाळेत गेले होते. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करून योगक्रियांचे क्ष-किरण आणि दाबमापन यांनी केलेले परीक्षण प्रसिद्ध करायला आरंभ केला. १९३१ च्या 'आसने' या विषयावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथात शवासन एका श्लोकापुरते राहिलेले नाही. शरीराचा एकेक भाग घेऊन त्यातील स्नायू सैल सोडत जाण्याची आणि मग श्वासाकडे लक्ष देण्याची सविस्तर पद्धत त्याला जोडली गेली. 'शिथिलीकरण' हा शब्द मराठी योगवर्गांत जो रुजला, त्यामागे हे शास्त्रीय वळण आहे. निःशब्द आसनाला सूचनांचा मजकूर मिळाला तो असा, पण तो अद्याप छापील होता.

या वळणाचे सर्वांत भरीव फळ परळच्या केईएम रुग्णालयात आले. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी डॉ. देशमुख, डॉ. दळवी आणि कैवल्यधामाच्या संशोधनाशी निगडित असलेले डॉ. विनेकर यांच्यासह उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि त्याचा वृत्तांत १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात दिला. त्यातील पद्धतीचे वर्णन वाचण्यासारखे आहे. रुग्णाने उताणे पडायचे, हातपाय देहापासून थोडे दूर ठेवायचे, बोटे किंचित मिटू द्यायची, पापण्या मिटायच्या. श्वास सावकाश आणि लयीत, आत घेतल्यावर थोडा विराम आणि बाहेर सोडल्यावर त्याहून मोठा विराम. आणि लक्ष नाकपुड्यांशी, आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब यांवर. रोज अर्धा तास असा सराव केला की साधारण तीन आठवड्यांत तो अंगवळणी पडत असे. ज्यांना औषधे चालू नव्हती अशा रुग्णांचा दाब उतरला, आणि औषधांवर ज्यांचा दाब आटोक्यात होता त्यांपैकी अनेकांना कमी औषध पुरू लागले. येथे नदीकाठ नाही, देऊळ नाही, कोणाचा मधाळ आवाज नाही. शिकवणारा तीन आठवडे सोबत करतो आणि बाजूला होतो, पुढे सोबतीला उरतो तो फक्त श्वासाचा गारवा. गोळ्यांचा खर्च ज्यांच्या घराला जाणवतो, अशा माणसांच्या रुग्णालयात हे काम झाले, म्हणून त्याचे मोल विशेष आहे, आणि मराठी वाचकांना त्याची जेवढी ओळख असायला हवी तेवढी ती नाही.

लंडनच्या परिसरात वैद्यकी करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी हाच धागा पुढे नेला. 'लॅन्सेट'मध्ये १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत २० रुग्ण होते. त्यांपैकी ५ जणांची औषधे पूर्ण थांबली, ७ जणांची ३३ ते ६० टक्क्यांनी कमी झाली, आणखी ४ जणांचा दाब अधिक आटोक्यात आला आणि ४ जणांना उपयोग झाला नाही. त्यांनी शवासनाला एक यंत्र जोडले. त्वचेचा विद्युतरोध मोजणाऱ्या या यंत्रातून एक सूर निघे, आणि माणूस जसजसा सैल पडे तसतसा तो सूर खाली उतरे. पडलेल्या माणसाच्या कानाशी यंत्राने बोलण्याचे हे एक लक्षणीय उदाहरण आहे, आणि ते यंत्र त्याला ऐकवत होते ते त्याच्याच देहाचे बोलणे होते.

'योगनिद्रा' या जुन्या शब्दाला नव्या सरावाचे नाव बनवण्याचे श्रेय मुख्यतः स्वामी सत्यानंद सरस्वती यांच्याकडे जाते, जरी फ्रान्समध्ये डेनिस बॉइस यांनी १९७३ सालीच त्या नावाने शिथिलीकरणाची पद्धत पुस्तकरूपाने मांडली होती. हृषीकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य असलेल्या सत्यानंदांनी १९६० च्या दशकात मुंगेर येथे बिहार योग विद्यालय उभारले आणि १९७६ साली 'योगनिद्रा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याला ही कल्पना कशी सुचली, याची हकीकत त्यांनी सांगितली आहे : हृषीकेशच्या एका वेदपाठशाळेत राखणदारीचे काम करत असताना पहाटे ते गाढ झोपत आणि त्याच वेळी विद्यार्थी मंत्र म्हणत, पुढे कधीतरी तेच मंत्र कानांवर पडले तेव्हा न शिकताही ते आपल्या ओळखीचे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या पद्धतीत आरंभी संकल्प, म्हणजे स्वतःविषयीचे एक छोटे निश्चयवाक्य असते. त्यानंतर देहभर लक्षाची फेरी, श्वासाचे भान, जड आणि हलके, उष्ण आणि थंड अशा विरुद्ध संवेदनांची आठवण, मग दृश्ये आणि पुन्हा संकल्प असा क्रम असतो. देहाची फेरी उजव्या हाताच्या अंगठ्यापासून निघते, ही करन्यासाची उघड खूण आहे. सत्यानंदांनी स्वतः न्यासाचे ऋण मान्य केले, पण मंत्र काढून टाकले, जेणेकरून कोणत्याही धर्माच्या माणसाला हा सराव करता यावा. उरले ते नुसते अवयवाचे नाव. आवाज 'उजव्या हाताचा अंगठा' एवढेच म्हणतो आणि पडलेला साधक ते नाव मनात पुन्हा उच्चारतो. 'माझा' नाही आणि 'तुमचा'ही नाही. दोन आवाज एकाच नावावर क्षणभर भेटतात आणि पुढे सरकतात. या पद्धतीचे सौंदर्य तिच्या या काटकसरीत आहे, आणि नंतरच्या अनेक ध्वनिमुद्रणांनी विशेषणांची खोगीरभरती करून ते घालवले.

दृश्यांचा भाग मात्र वेगळ्या घराण्यातला आहे. सत्यानंदांच्या ग्रंथात जळती मेणबत्ती, अथांग वाळवंट, मुसळधार पाऊस, हिमाच्छादित शिखरे अशा प्रतिमा एकापाठोपाठ झरझर सांगितल्या जातात आणि एकीवरही रेंगाळू दिले जात नाही. आजच्या श्राव्य गोष्टींत ऐकणारा रेंगाळतो; त्याला वाटेवरून चालवले जाते, पाण्याशी थांबवले जाते, डोंगर चढवला जातो. याचे मूळ युरोपात आहे. रोबेर देसोय या फ्रेंच अभियंत्याने दोन महायुद्धांमधल्या काळात 'दिग्दर्शित जागृत स्वप्न' ही उपचारपद्धती घडवली; तीत पडलेल्या रुग्णाला कल्पनेने उंच चढायला किंवा खोल उतरायला सांगून तो काय पाहतो हे बोलते केले जाई. जर्मनीतील हान्सकार्ल लॉयनर यांनी १९५० च्या दशकात शुल्त्सच्या शिथिलीकरणावर उभारून त्यासाठी ठरावीक स्थळे निवडली : कुरण, ओढा, डोंगर, घर, रानाची कड. हीच स्थळे आज जगभरच्या विश्रांतिकथांत आढळतात. एक बदल मात्र मोठा झाला. देसोय आणि लॉयनर यांच्या दालनात स्थळ उपचारक सांगे, पण गोष्ट रुग्ण रचत असे आणि मोठ्याने सांगतही असे. फितीवर आल्यावर रुग्णाचा आवाज गळाला आणि सांगणारा एकटाच उरला. स्थळांचेही तेच. मराठीत ऐकवल्या जाणाऱ्या विश्रांतिकथांतही हिरवे कुरण आणि बर्फाचा डोंगर येतात, तेव्हा त्या प्रतिमा कोणत्या मातीत उगवल्या हे लपत नाही. पावसाळ्यात पागोळ्यांच्या आवाजात कोकणातल्या पडवीवर आडवे होणे किंवा उन्हाळ्याच्या रात्री देशावरच्या धाब्यावर अंथरूण टाकणे हा ज्यांच्या देहाचा अनुभव आहे, त्यांना विश्रांतीसाठी आल्प्सच्या पायथ्याशी नेण्याचे कारण नाही.

गोष्टीला जागा मिळण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण होते आणि ते पुण्याकडे नेते. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले. पुढच्या दशकांत त्यांनी लोड, घडी केलेली घोंगडी, ठोकळे, पट्टे, खुर्च्या आणि भिंतीचे दोर यांच्या आधाराने आसने करवून घेण्याची पद्धत विकसित केली, म्हणजे आजारी, वृद्ध किंवा थकलेला माणूसही स्वतःचे बळ न लावता एखाद्या आसनात दीर्घकाळ राहू शकेल. पाठीच्या कण्याखाली उभा लोड, डोक्याखाली दुमडलेले घोंगडे आणि डोळ्यांवरून सैलसर गुंडाळलेली क्रेप पट्टी अशा थाटात पडलेला साधक हे १९७५ साली उघडलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेतील परिचित दृश्य. पुण्यात शिकून गेलेल्या ज्युडिथ हॅन्सन लॅसेटर यांनी १९९५ साली 'रिलॅक्स अँड रिन्यू' हे पुस्तक लिहिले, आणि आधार देऊन विसावण्याचा हा भाग अमेरिकेत 'रिस्टोरेटिव्ह योग', म्हणजे झीज भरून काढणारा योग, या नावाने वेगळा ओळखला जाऊ लागला. अय्यंगारांच्या वर्गात आवाज असे, पण तो शरीरशास्त्राचा आणि नेमका असे. नव्या प्रकारात एकाच स्थितीत दहा-वीस मिनिटे पडून राहायचे होते. त्या लांबलचक शांततेत मन भटकते, आणि ती पोकळी भरायला गोष्ट आली.

आता उरली फीत. चुंबकीय ध्वनिफितीचे यंत्र १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम दाखवले गेले, फिलिप्सची छोटी कॅसेट १९६३ साली आली आणि १९७९ साली सोनीच्या वॉकमनने ती कानाला लावली. मानसोपचारकांनी फितीचा उपयोग लवकर ओळखला, आणि तिच्या मर्यादाही लवकर तपासल्या. गॉर्डन पॉल आणि ट्रिंबल यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत समोर बसून दिलेल्या शिथिलीकरणाच्या सूचना फितीवरील सूचनांपेक्षा अधिक परिणामकारक ठरल्या. कारण उमगण्यासारखे आहे : समोरचा शिक्षक पडलेल्या माणसाच्या खांद्याकडे पाहून थांबतो, पुन्हा सांगतो, मग पुढे जातो, फीत थांबत नाही. पण फीत घरी नेता येते, रात्री तीन वाजता लावता येते आणि तिला शुल्क पडत नाही, म्हणून जिंकली तीच.

फितीच्या या विजयातील दोन ठळक ठिकाणे एकाच गुरूच्या शिकवणीतून निघाली. ब्रह्मदेशाचे महालेखापाल असलेले सयाजी ऊ बा खिन रंगूनला विपश्यना शिकवत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले, मुंबईत त्यांचे पहिले शिबिर झाले आणि १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाले. दहा दिवसांच्या शिबिरांची संख्या वाढली तसा त्यांचा आवाज फितीवर गेला. सहायक आचार्य समोर बसतात आणि सूचना मुद्रित आवाजातून येतात. २०१३ साली गोएंका निवर्तल्यानंतरही हा क्रम चालू आहे. साधक बसलेला असतो, पडलेला नव्हे, आणि लक्ष टाळूपासून पायांपर्यंत फिरते. याच परंपरेचा स्पर्श झालेल्या जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली वूस्टर येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घ दुखण्यांच्या रुग्णांसाठी पुढे आठ आठवड्यांचा झालेला वर्ग सुरू केला, तेव्हा त्यांनी साधकाला आडवे केले, फेरी डाव्या पायाच्या बोटांपासून सुरू केली आणि रुग्णाच्या हाती ४५ मिनिटांची कॅसेट दिली. बसता न येणाऱ्या माणसालाही ही साधना करता यावी, हा त्यामागचा विचार. सोरायसिस या त्वचारोगाचे ३७ रुग्ण घेऊन त्यांनी केलेला आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आवाजाच्या इतिहासात मोलाचा आहे : अतिनील प्रकाशाच्या कपाटात उघड्या अंगाने उभ्या असलेल्या रुग्णांपैकी काहींना त्या थोड्या मिनिटांत फितीवरचा आवाज ऐकवला गेला, आणि त्यांची त्वचा इतरांपेक्षा लवकर स्वच्छ झाली.

त्यानंतरचा टप्पा ॲपचा. ध्यानाच्या एका मोठ्या ॲपने २०१६ साली खास झोपेसाठीच्या गोष्टी सुरू केल्या आणि लवकरच हा स्वतंत्र प्रकार झाला. येथे दिशाच पालटली. योगनिद्रेतला आवाज साधकाला पुन्हापुन्हा बजावतो की झोपू नका, कारण झोप लागली तर साधना सुटली; झोपेच्या गोष्टीत शेवट ऐकू आला तर ती गोष्ट फसली. विष्णूची जागी निद्रा आणि दमलेल्या माणसाची साधी झोप यांतील अंतर एवढे आहे, आणि एकच नाव दोहोंना लावल्याने ते मिटत नाही. झोपही पवित्रच आहे, आणि शिणलेल्या माणसाला ती कोणी गोष्ट सांगून मिळवून देत असेल तर त्यात उणे काही नाही. फक्त ती योगनिद्रा नव्हे.

कबाट-झिन यांच्या वर्गात कॅसेटचे स्थान नेमून दिलेले होते. पहिले काही आठवडे रुग्णाने रोज तिच्या सोबतीने पडायचे. सातव्या आठवड्यात ती बाजूला ठेवायची आणि कोणी काही न सांगता स्वतःच आपल्या देहातून फिरायचे, जमेल तितके, जमेल त्या क्रमाने. आठव्या आठवड्यात पुन्हा कॅसेट लावायची. एक आठवडा स्वतः बोलून झाल्यावर रुग्ण तोच आवाज पुन्हा ऐकायला पडत असे.